श्री त्रिशंकू प्रसन्न

उद्धवराव हा माणूस जमिनीवरचा नव्हेच. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये ते एकोणतीस वर्षं ओव्हरहेड क्रेन चालवतात. म्हणजे सकाळी शिडी चढून चाळीस फुटांवरच्या केबिनमध्ये बसायचं आणि खालून हाताच्या खुणा होतील तशा वीस-वीस टनांच्या डाय, म्हणजे पत्रा दाबायचे लोखंडी साचे, इकडून उचलून तिकडे ठेवायच्या. पाण्याची बाटली वर, पंखा वर, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली उतरायचं नाही. इतकी वर्षं माणसांचे फक्त टाळू बघितल्यामुळे असेल, पण ते समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलत नाहीत, कपाळाच्या जरा वर बघून बोलतात. पहिल्या भेटीत मला वाटलं, हे माझ्या पांढऱ्या केसांकडे बघताहेत. मी मनातून चिडले होते.

मी चिडते लवकर, हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवते आहे, आणि समोर चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. नवरा सदाशिव म्हणतो की तुझ्या पर्समध्ये लाल पेन असतं ते ठीक, पण तोंडात कशाला. पुढची सगळी भानगड त्या तोंडामुळेच झाली.

आमची वस्ती इंद्रायणीच्या पलीकडे, चाकण रस्त्यावरून आत वळलं की नाल्याच्या चढावर. साठेक बैठी घरं आणि एक चार मजली इमारत, जिच्यात आम्ही राहतो. नाल्याच्या अलीकडे शहर संपतं आणि चढाच्या पलीकडे गाव सुरू होतं. मधला तुकडा सरकारदरबारी कोणाचाच नाही. उद्धवराव जिंतूर तालुक्यातून इकडे आले, त्या तुकड्यात त्यांनी दोन खोल्या बांधल्या आणि घराची नोंद करायला निघाले. ग्रामपंचायतीत सांगितलं, हा गट नंबर आमच्यात नाही. शहराच्या कार्यालयात सांगितलं, आमची हद्द नाल्यापर्यंत. असे सहा महिने हेलपाटे झाल्यावर शहराच्या कार्यालयातल्याच एका बऱ्या स्वभावाच्या कारकुनाने नकाशा उघडून पाहिला आणि म्हणाला, अहो, तुमचा भाग त्रिशंकू आहे.

सरकारी भाषेत, जो भाग कोणाच्याच हद्दीत बसत नाही त्याला त्रिशंकू म्हणतात. पण उद्धवरावांना ते काय ठाऊक. त्यांना इतकंच कळलं की आपल्या जागेला नाव आहे आणि आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ते कारकुनाकडून कागदावर लिहून घेतलं. येताना पेढे आणले. दुसऱ्या दिवशी दारावर रंगाने लिहिलं, ‘त्रिशंकूनगर’.

मग ते नाव पोरांच्या शाळेच्या दाखल्यावर गेलं, गॅसच्या पुस्तकावर गेलं, लग्नपत्रिकांवर गेलं. रिक्षावाले ‘तिरशंकर’ म्हणायचे. त्यातून कोणाच्या तरी डोक्यात आलं की हे शंकराचंच एखादं रूप असणार. त्र्यंबक आहे, त्रिलोचन आहे, तसा त्रिशंकू. वस्तीच्या तोंडाशी ओटा बांधला गेला, ओट्यावर त्रिशूळ रोवला गेला आणि त्याखाली संगमरवरी पाटी बसली: ‘श्री त्रिशंकू प्रसन्न’. सोमवारी तिथे उदबत्ती लागायची आणि महाशिवरात्रीला साबुदाण्याची खिचडी वाटायचे. उद्धवरावांची बायको कौशल्याबाई तर शपथेवर सांगायच्या की त्रिशंकू नवसाला पावतो. शेजारचा मुलगा सात वर्षं कंत्राटावर होता, अकरा सोमवार केले आणि परमनंट झाला. त्रिशंकूच्या कृपेने परमनंट झालेला जगातला तो पहिलाच माणूस असेल.

तर तीन वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो. सदाशिव हिंजवडीला आयटीत, मी शाळेत, आणि घर घेताना आम्ही स्वयंपाकघराचा ओटा नीट पाहिला पण हद्द पाहिली नाही. सामानाचा टेम्पो वळणावर अडला म्हणून मी खाली उतरले आणि ती पाटी वाचली. मी हसले. स्मितहास्य वगैरे नाही, रस्त्यावर उभी राहून पोट धरून हसले. ओट्यावर पाचसहा माणसं बसली होती. त्यांनी विचारलं काय झालं, आणि मी बाईंच्या आवाजात सांगून टाकलं की अहो, त्रिशंकू हा देव नाही. तो एक राजा होता, त्याला स्वर्गातून ढकलून दिलं आणि तो मधेच उलटा लटकला. तुमच्या जागेला त्रिशंकू म्हणाले ते ती अधांतरी आहे म्हणून. एवढं बोलून मी टेम्पोच्या मागोमाग गेले आणि भांडी लावायला लागले.

दोन दिवसांत वस्तीभर झालं. सोमवारची उदबत्ती बंद पडली. लोक उद्धवरावांना ‘काय लटकेश्वर’ म्हणून हाका मारू लागले. साहेबराव म्हणून एक प्लॉटवाले आहेत, इथले जुने, निम्मी वस्ती त्यांच्याच जमिनीवर उभी आहे. त्यांनी तर चारचौघांत ऐकवलं की वीस-पंचवीस वर्षं ह्या माणसाने आम्हाला शिवीत राहायला लावलं. उद्धवराव पूर्वी कामावरून आले की ओट्यावर बसायचे, ते मागच्या गल्लीने घरी जाऊ लागले. हे मला कोणी सांगितलं नाही. आणि खरं म्हणजे मी विचारलंही नाही.

यंदा एप्रिलमध्ये बातमी आली की आमचा तुकडा शहराच्या हद्दीत घेणार. रस्ता होणार, नळ येणार आणि तोंडाशी सरकारी निळा फलक लागणार. फलकावर काय नाव घालायचं ते रहिवाशांनी मेअखेर कळवायचं होतं. साहेबरावांनी ‘साहेबराव पार्क’ असं नाव लिहून सह्यांचा कागद फिरवायला सुरुवात केली. तो घेऊन कौशल्याबाई माझ्याकडे आल्या. मला वाटलं, सहीसाठी आल्या असतील. त्या दारातच बसल्या, पदराने डोळे पुसले आणि सांगितलं की त्यांनी स्वतः या कागदावर सही केली आहे, कारण नवऱ्याला रोज चिडवलेलं आता ऐकवत नाही. पण ते नाव जाणार म्हटल्यापासून हा माणूस दोन घास नीट जेवत नाही. आम्ही गावाकडून आलो तेव्हा आमच्याजवळ सांगायला काही नव्हतं, त्याने या जागेला नाव आणलं एवढंच त्याचं मोठेपण होतं, असं त्या म्हणाल्या. मला लाज वाटली. तीन वर्षं उशिरा वाटली, पण वाटली.

त्याच संध्याकाळी मी उद्धवरावांकडे गेले आणि माफी मागितली. त्यांनी खुर्ची दिली, माझ्या कपाळाच्या वर बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमी बोलला ते खरंच व्हतं. पर आमच्यात एक नियम हाये. लोड हवेत ठिवून केबिन सोडायची न्हाई. तुमी नाव उचललं, आन् घरी गेला.”

मला आयुष्यात एवढं मोठं कोणी रागावलेलं नाही, आणि त्यांनी तर आवाजही चढवला नव्हता.

मग मी तिथेच बसून त्यांना सगळी गोष्ट सांगितली. सत्यव्रत नावाचा राजा. त्याच्या हातून तीन पापं घडली म्हणून तो त्रिशंकू. त्याला आहे त्या देहानिशी स्वर्गात जायचं होतं. वसिष्ठांनी नकार दिला, वसिष्ठांच्या मुलांनी तर शापच दिला. पण दुष्काळात याच राजाने विश्वामित्राच्या बायकामुलांना जगवलं होतं, म्हणून विश्वामित्राने यज्ञ करून त्याला वर धाडला. इंद्राने खाली ढकलला. विश्वामित्र ओरडला, थांब, आणि तो होता तिथेच थांबला, डोकं खाली, पाय वर. तिथेच त्याची चांदणी झाली. खरं तर चार चांदण्या, दक्षिणेच्या आकाशात.

उद्धवराव पुढे सरकून ऐकत होते. त्यांनी विचारलं, दिसतो का. मी म्हटलं नाही, तो दक्षिण गोलार्धातला तारकासमूह आहे, ऑस्ट्रेलियाच्या झेंड्यावर असतो, आपल्याकडून दिसत नाही. मी हे बावीस वर्षं असंच सांगत आले आहे.

ते म्हणाले, “मग गोष्ट कुनी रचली? ऑस्ट्रेलियावाल्यांनी?”

विश्वामित्र इथला, इंद्र इथला, गोष्ट सांगणारे इथले. ज्यांना तो कधी दिसलाच नाही ते त्याची गोष्ट कशाला रचतील? घरी येऊन मी पुस्तकं काढली, कोन मांडले. आपला अक्षांश साडेअठरा. त्रिशंकू क्षितिजाच्या वर दहा-बारा अंशांपर्यंत येतो, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर साधारण एका मुठीइतका उंच. मेच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री सव्वानऊला बरोबर दक्षिणेला. शेकडो मुलांना मी चुकीचं शिकवलं होतं. लाल पेन माझ्यावरच चालवायची वेळ आली, आणि सदाशिवने ती संधी सोडली नाही.

उद्धवरावांनी मात्र कोनबीन काही मांडले नाहीत. फर्स्ट शिफ्ट करून यायचे आणि जेवण झालं की आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर चढून बसायचे. पहिले चार दिवस ढग. पाचव्या दिवशी त्यांना काहीतरी दिसलं, ते लोहगावला उतरणारं विमान निघालं. आठव्या दिवशी मी पण टाकीवर चढले, साडी खोचून. अडचण आकाशाची नव्हतीच. आमच्या बरोबर दक्षिणेला नाल्यापलीकडे एका कंपनीचं गोदाम आहे आणि त्याच्या आवारात उंच खांबावर दिव्यांचा झुपका आहे. तो लागला की त्या बाजूचं आभाळ पिठलं ढवळल्यासारखं पिवळं दिसतं. उद्धवराव म्हणाले, दिव्याचं बघू, गुरुवार येऊ दे.

गुरुवारी आमच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी असते. नावाची सभाही त्याच गुरुवारी, आमच्या गच्चीवर रात्री साडेआठला ठरली. साहेबराव त्रेचाळीस सह्या घेऊन आले होते आणि सगळ्यांना मठ्ठा पाजत होते. त्यांनी छोटंसं भाषण केलं. म्हणाले, आता आपण शहरात जाणार, तर चांगलं झकास नाव पाहिजे, लटकलेलं नको. लोक हसले. मग कोणाला काही बोलायचंय का असं विचारल्यावर उद्धवराव उठले. एरवी चारचौघांत न बोलणारा माणूस. खालून एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर ते सवयीने टाकीच्या शिडीच्या दोन पायऱ्या वर चढले, आणि तिथून बोलले.

“ह्यो राजा व्हता. त्याला देहासकट स्वर्गात जायचं व्हतं. म्हंजी परमनंट. वसिष्ठ तिथले एचआर. त्यांनी सांगितलं, असा नियम न्हाई. मग ह्यो गेला विश्वामित्राकडं. विश्वामित्र कॉन्ट्रॅक्टर. म्हनला, मी करतो तुजं काम, आन् उचलला त्याला थेट. वर गेटवर इंद्र. म्हनला, गेटपास कुठाय? न्हाई? मग मटेरियल रिटर्न. दिला ढकलून.”

आता लोक वेगळं हसत होते. साहेबरावही हसत होते.

“दुसरा कॉन्ट्रॅक्टर असता तर फोन बंद करून बसला असता,” उद्धवराव म्हणाले. “विश्वामित्रानं हात वर केला आन् म्हनला, थांब. वर घेईनात, तर खाली बी पडू दिला न्हाई. लोड हवेत सोडून त्यो उतरला न्हाई. राजा जिथं लटकला तिथंच त्याच्यासाठी नवं आभाळ करायला घेतलं. नव्या चांदण्या लावल्या. म्हंजी लाइट-पान्याची सोयच म्हना. शेवटी इंद्रच म्हनला, ऱ्हाऊ द्या बाबा त्याला तिथं. आपलं काय येगळं हाये? पंचायत घेईना, शहर घेईना. आपन हितंच बोअर मारली, हितंच खांब रोवले, हितंच लेकरं मोठी केली. ह्यात शिवी कुठं आली?”

तेवढ्यात साहेबरावांनी अडवलं. ते म्हणाले, “गोष्ट ब्येस हाय. पन दिसतो का कुटं त्यो? का नुसताच बोलन्यात हाय?”

उद्धवरावांनी घड्याळ बघितलं. सव्वानऊला तीन मिनिटं कमी होती. त्यांनी शिडीवरूनच दक्षिणेकडे तोंड करून मोबाइलची बॅटरी तीनदा लावली आणि विझवली. नाल्यापलीकडच्या आवारातला दिव्यांचा झुपका बंद झाला. गोदामाचा सिक्युरिटीवाला त्यांच्याच तालुक्यातला निघाला होता, आणि सुट्टीच्या दिवशी पंधरा मिनिटं दिवे बंद ठेवायला त्याची हरकत नव्हती. हे त्यांनी मलासुद्धा सांगितलं नव्हतं.

डोळे सरावायला वेळ लागला. मग गोदामाच्या पत्र्यांच्या वर, अगदी खाली, चार चांदण्या दिसल्या. एक वर, एक खाली, दोन बाजूंना. मी हात लांब करून मूठ धरली, तर बरोबर एका मुठीइतकी उंची निघाली. पन्नाशीला आलेली भूगोलाची बाई पहिल्यांदा त्रिशंकू बघत होती, आणि तो तिला एका क्रेनवाल्याने दाखवला होता.

कोणी म्हणालं पतंग आहे, कोणी म्हणालं ड्रोन आहे. उद्धवराव म्हणाले, खालची चांदणी बघा, चौघींत जास्त चमकते ना, ते त्याचं डोकं. डावीकडे अजून दोन ठळक तारे वर येत होते. ते कोण, असं कौशल्याबाईंनी मला विचारलं. मी सांगितलं, त्यांना मराठीत मित्र आणि मित्रक म्हणतात. त्या बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, बरं झालं, सोबत तरी आहे.

साहेबराव सगळ्यांत शेवटी कठड्याजवळून हलले. त्यांनी सह्यांचा कागद घडी करून खिशात घातला आणि उरलेला मठ्ठा ज्याला हवा त्याने न्यावा असं जाहीर केलं. कागद फाडला मात्र नाही. माणूस व्यवहारी आहे.

‘त्रिशंकूनगर’ हेच नाव कळवायला आम्ही कार्यालयात गेलो, उद्धवराव, साहेबराव आणि मी. टेबलापलीकडचा तरुण साहेब नाव वाचून हसला. अगदी माझ्यासारखा. म्हणाला, काका, आता तुम्ही हद्दीत आलात, आता तुम्ही त्रिशंकू राहिलाच नाहीत, मग हे नाव कशाला? मी तोंड उघडणार होते, पण उद्धवरावांनी हात आडवा धरला. खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. त्या जुन्या कारकुनाने लिहून दिलेली चिठ्ठी, पिवळी पडलेली, कौशल्याबाईंनी लॅमिनेशन करून आणलेली. तिच्यावर निळ्या शाईत दोनच शब्द होते, ‘त्रिशंकू भाग’.

“साहेब, नाव आमी ठिवलं न्हाई,” उद्धवराव म्हणाले. “तुमच्याच हापिसानं दिलंय. आमी फकस्त सांभाळलं.”

साहेबाने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. शिक्का नाही, तारीख नाही. मग त्याने रजिस्टर ओढलं आणि लिहिलं.

निळा फलक जूनमध्ये लागला. उद्धवराव पुन्हा ओट्यावर बसतात, आणि लटकेश्वर म्हणून आता फक्त कौशल्याबाई हाक मारतात, तेही भाजी आणायला सांगायची असली की. संगमरवरी पाटीचं काय करायचं यावर थोडी चर्चा झाली. देव नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती काढायला कोणी पुढे आलं नाही.

त्यानंतर महिनाभराने सदाशिवचं हिंजवडीतलं प्रोजेक्ट संपलं आणि दुसरं मिळेना. काम नाही, पण काढूनही टाकलेलं नाही. रोज जाऊन नुसतं बसायचं. तिकडे याला बेंचवर असणं म्हणतात. तो घरी येऊन पंख्याकडे बघत पडायचा, थट्टासुद्धा करेना. एका सोमवारी शाळेतून येताना मी वळणावर थांबले, इकडेतिकडे बघितलं आणि पर्समधून उदबत्तीचा पुडा काढला. उदबत्ती लावून मागे वळते तर उद्धवराव उभे.

मी खूप ओशाळले. त्यांनी माझ्या कपाळाच्या वर बघितलं आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, त्यो देव न्हाई.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “पण अधांतरी माणसाचं दुसऱ्या कोणाला कळणार?”

मी पर्स खांद्याला लावून निघाले तशी त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून, उदबत्तीकडे बोट दाखवलं आणि ते ओट्यावर बसले. ती नुकती कुठे लागली होती. मी मागे फिरले, ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले आणि ती पूर्ण जळेपर्यंत हलले नाही.